दुसऱ्याच्या जागेत घसरून पडल्यावर भरपाई कशी मागायची: पहिल्या तासापासून वसुलीपर्यंत

मॉलमध्ये नुकतीच पुसून तशीच सोडलेली लादी. मंगल कार्यालयात हात धुण्याच्या जागेपाशी साचलेलं पाणी. रुग्णालयाच्या न्हाणीघरात धरायला दांडी नाही. सोसायटीच्या जिन्यातला दिवा महिनाभर बंद. अशा ठिकाणी माणूस पडतो, मनगट नाहीतर खुबा मोडतो, आणि पहिलं वाक्य कानावर येतं ते "बघून चालायचं ना!" पडलेल्यालाही तसंच वाटतं. चारचौघांत पडल्याची लाज वाटते, तो कपडे झटकतो आणि रिक्षा करून घरी जातो. दावा तिथेच निम्मा हातचा जातो.

मोडलेलं हाड दीड महिना एक्स-रेत दिसत राहतं, ओली फरशी दहा मिनिटांत वाळते. आणि ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयात भांडण हाडावरून होत नाही, फरशीवरून होतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रातली कार्यालयं आणि इथले कायदे धरून लिहिलं आहे. कायमचं अपंगत्व आलं असेल किंवा मृत्यू झाला असेल तर वकील घ्याच. पण पहिल्या आठवड्यातली कामं घरच्यांनाच करावी लागतात. वकिलाची भेट ठरेपर्यंत त्यांची वेळ निघून गेलेली असते.

१. नुसतं पडलात म्हणून भरपाई मिळत नाही

घसरून पडण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. दावा निष्काळजीपणाच्या तत्त्वावर उभा राहतो. त्यासाठी चार गोष्टी दाखवाव्या लागतात: जागा सांभाळण्याची जबाबदारी समोरच्याची होती, जागेत धोका होता, तो धोका त्याला माहीत होता किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर माहीत झाला असता, आणि त्याच धोक्यामुळे तुम्हाला इजा झाली.

बहुतेक दावे तिसऱ्या गोष्टीवर अडतात. कुणा गिऱ्हाइकाच्या हातून सरबत सांडलं आणि अर्ध्या मिनिटात तुम्ही त्यावरून घसरलात, तर दुकानदाराला दोष देणं कठीण आहे. तेच सरबत वीस मिनिटं तिथे पडून होतं आणि शेजारून तीन कर्मचारी ये-जा करत होते, तर दावा भक्कम. एसीच्या गळतीखाली बादली ठेवलेली असेल तर तिचा फोटो आवर्जून घ्या. बादली ठेवली याचा अर्थ गळती माहीत होती.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हा फरक कळतो. दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली, त्या सुभगवंती प्रकरणात (१९६६) महापालिका जबाबदार ठरली. बांधकाम सुमारे ८० वर्षांचं होतं, त्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं मानलं गेलं होतं आणि तपासणी नीट झालेली नव्हती. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून एका माणसाचा जीव गेला, त्या प्रकरणात (१९९७) मात्र महापालिकेवर जबाबदारी आली नाही, कारण झाड पडेल हे तिला आधी कळायला हवं होतं असं दिसलं नाही. तेव्हा कागद गोळा करताना सतत एकच प्रश्न मनात ठेवा: त्यांना आधी माहीत होतं, किंवा असायला हवं होतं, हे यातून दिसतं का?

२. पहिला तास: फरशी वाळण्याआधी

जखमी माणसाने हलू नये. हे काम सोबतच्याने करायचं, सोबत कोणी नसेल तर आसपासच्या एखाद्याला विनंती करायची.

फोटो तीन अंतरांवरून घ्या. पहिला लांबून, ज्यात दुकानाची पाटी, खांबाचा क्रमांक किंवा लिफ्ट दिसेल. दुसरा चार-पाच पावलांवरून, ज्यात पाणी कुठून आलं ते दिसेल. तिसरा जवळून. ओली लादी वरून टिपली तर फोटोत कोरडीच दिसते. मोबाइल जमिनीपासून वीतभर उंचीवर तिरका धरला की दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं आणि ओल स्पष्ट उमटते. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही काढा आणि फिरवताना 'ओली फरशी'ची पिवळी पाटी आहे की नाही हे चारही बाजूंनी दाखवा. पाटी नसल्याचा पुरावा असाच तयार होतो. फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवले तरी मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. तारीख आणि वेळ मूळ फाइलमध्येच राहते.

जिन्यावर पडला असाल तर मोजपट्टी हवी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे (२०१६) पायरीची उंची राहत्या इमारतीत १९० मिमीपेक्षा आणि इतर इमारतींत साधारणपणे १५० मिमीपेक्षा जास्त नसावी. पाय ठेवायची रुंदी अनुक्रमे किमान २५० आणि ३०० मिमी असावी. मात्र निव्वळ उंचीपेक्षा असमान उंची जास्त घात करते. पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची लक्षात घेतो आणि पुढच्या पायरीवर त्याच अंदाजाने टेकतो. नंतर बसवलेल्या टाइलमुळे शेवटची पायरी दोन सेंटिमीटरने वेगळी झाली की तिथेच तोल जातो. म्हणून ज्या पायरीवर पडलात ती, तिच्या वरच्या दोन आणि खालच्या दोन अशा पाचही पायऱ्या मोजा आणि मोजपट्टी लावलेल्या स्थितीतच फोटो घ्या. कठडा हलतो का, दिवा चालू होता का, पायरीच्या कडेची खाचांची पट्टी झिजली आहे का, हेही टिपा. हे सगळं दुसऱ्या दिवशी जाऊनही जमतं, पण दुरुस्ती व्हायच्या आत जा.

चप्पल-बूट जपा. समोरचा पक्ष हमखास म्हणतो की तळवे झिजलेले होते. त्या दिवशीची चप्पल न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि तळव्याचा फोटो काढा. कपड्यांवर साबणाचा किंवा तेलाचा डाग असेल तर तेही धुऊ नका.

पाहणाऱ्या दोघांची नावं आणि मोबाइल क्रमांक घ्या. ते घरचे नसले तर उत्तम. सफाई कर्मचारी सहज बोलून जातो, "सकाळपासून गळतंय, सांगितलं होतं." त्याचं नाव, वेळ आणि त्याचेच शब्द लगेच लिहून ठेवा. त्याच्यावर ओरडू नका. बऱ्याचदा तोच पुढे तुमचा साक्षीदार होऊ शकतो.

बिल, तिकीट, पार्किंगची पावती, यूपीआयचा संदेश यांतलं काहीही फेकू नका. साठ रुपयांच्या चहाच्या बिलावर तुमचा दावा कुठे चालेल हे ठरू शकतं. ते कसं, हे सहाव्या टप्प्यात येईल.

३. दवाखान्याचा पहिला कागद

या एका कागदाने जितके दावे बुडतात तितके दुसऱ्या कशाने बुडत नाहीत. अपघात विभागातला डॉक्टर घाईत असतो. "काय झालं?" "पडलो." तो लिहितो 'सेल्फ फॉल', नाहीतर रुग्ण घरून आला म्हणून 'फॉल अॅट होम'. दोन वर्षांनी समोरचा वकील तोच कागद पुढे करतो: तुम्ही तर घरी पडलात.

म्हणून डॉक्टरांना एका दमात सांगा: कुठे, किती वाजता, कशामुळे. "संध्याकाळी पावणेसातला अमुक मॉलच्या तळमजल्यावर ओल्या फरशीवरून घसरलो." तेवढं केसपेपरवर लिहायची विनंती करा आणि खिडकीवरून हलण्याआधी कागद वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून डॉक्टरांची सही घ्या. डिस्चार्ज कार्डावरचा मजकूर पुन्हा तपासा, कारण तिथे वेगळंच कोणीतरी लिहितं. मेडिक्लेमच्या अर्जातही अपघाताचं ठिकाण आणि कारण तेच हवं. दोन कागदांत दोन ठिकाणं आली की अडचण होते.

हाड मोडलं असेल, डोक्याला मार असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर रुग्णालयाला एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करायला सांगा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.

त्या दिवशी फक्त मुका मार वाटला आणि चौथ्या दिवशी सूज वाढली, असंही होतं. मनगटातल्या लहान हाडाची चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. दुखणं वाढताच परत जा आणि जुना केसपेपर दाखवून त्याच अपघाताच्या संदर्भात नवी नोंद करून घ्या. मध्ये वीस दिवस कोरे गेले तर "दुसरीकडे पडला असेल" म्हणायला वाट मोकळी होते.

४. ४८ तासांत व्यवस्थापनाला लेखी कळवा

सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसलं जातं, काही दुकानांत आठवड्यातच. तोंडी मागणीला अर्थ नाही. असं पत्र द्या:

"दि. … रोजी सायंकाळी सुमारे ६.४० वाजता आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्ट क्र. २ समोर फरशीवर पाणी साचलेले असल्यामुळे मी घसरून पडलो व माझ्या उजव्या मनगटाला इजा झाली. सदर ठिकाणचे त्या दिवशीचे सायं. ५.४० ते ७.४० या वेळेतील सीसीटीव्ही चित्रण, सफाईची नोंदवही व अपघात नोंदवही जतन करून ठेवावी. या पत्रानंतर चित्रण नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील. आपला विमा असल्यास विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक कळवावा."

अपघाताच्या आधीचा एक तास मुद्दाम मागायचा आहे. तुमचं पडणं पाच सेकंदांत संपतं. पाणी किती वेळ तिथे होतं हे त्या आधीच्या तासात दिसतं.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट. पत्रात "माझंही थोडं चुकलं", "घाईत होतो" असं काही लिहू नका, आणि व्यवस्थापकाने पुढे केलेल्या छापील अर्जावर वाचल्याशिवाय सही करू नका.

चित्रण मिळालं तर ते पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल नंतर बदललेली नाही हे तपासायचा संगणकी संकेत) नोंदवावी लागते. पेन ड्राइव्ह घेतानाच प्रमाणपत्र मागा. दिलं नाही तर चित्रण आणि प्रमाणपत्र हजर करण्याचा आदेश आयोगाकडून किंवा न्यायालयाकडून मागता येतो.

जागा महापालिकेची किंवा सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय? त्या ठिकाणाबद्दल मागच्या वर्षभरात आलेल्या तक्रारींच्या प्रती, देखभालीचा कार्यादेश, कंत्राटदाराचं नाव. जुनी तक्रार हाती लागली की "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. सोसायटीत हेच काम सभेच्या इतिवृत्ताने होतं: 'टाकीची गळती, पुढील सभेत विचार'.

५. पोलिसांत जावं का?

भरपाईसाठी गुन्हा दाखल होणं बंधनकारक नाही. पण गंभीर इजेत नोंद उपयोगी पडते, कारण तारीख आणि ठिकाण त्रयस्थ कागदावर येतं. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजी कृत्याने दुखापत होणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे; मृत्यू झाला तर कलम १०६. गुन्हा नोंदवला नाही तरी लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. फौजदारी प्रकरणात आरोपी सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. तिथे पुराव्याची कसोटी वेगळी असते.

६. दावा कुठे करायचा

निम्मी माणसं इथे चुकीच्या दारात उभी राहतात.

जागेत तुम्ही पैसे देऊन सेवा घेत होता, तर ग्राहक आयोग. हॉटेल, चित्रपटगृह, खासगी रुग्णालय, जिम, जलक्रीडा उद्यान, शुल्क घेणारं वाहनतळ. बिल कुटुंबातल्या एकाच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारे बाकीचेही ग्राहक धरले जातात. सगळ्यांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र या कायद्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. मॉलमध्ये काहीच न घेता नुसते फिरत असाल तर 'ग्राहक' असण्यावरच वाद होतो. चहाचं बिल जपायचं ते यासाठी.

आता मोठा फायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोणत्या पायरीचा आयोग हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, तुम्ही सेवेसाठी किती पैसे दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे ८५० रुपयांचं जेवण जेवायला गेलात, पडलात आणि ३० लाखांची भरपाई मागितलीत तरी तक्रार जिल्हा आयोगातच. शुल्कही त्याच ८५० रुपयांवर, म्हणजे शून्य. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क नाही. शिवाय तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. महाबळेश्वरच्या हॉटेलात पडलेला नांदेडचा माणूस नांदेडलाच तक्रार करू शकतो.

ग्राहक नसाल तर दिवाणी न्यायालय. सोसायटीच्या जिन्यात घसरलेला पार्सलवाला, कुणाकडे भेटायला आलेली पाहुणी, रस्त्याने जाताना दुकानाच्या फुटलेल्या ओट्यावरून पडलेला वाटसरू. इथे मुद्रांक लागतो आणि वेळ बराच जातो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००, नाहीतर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं कार्यालय.

रस्त्यावरचा खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश पाहा. मृत्यूसाठी ६ लाख आणि इजेसाठी तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. निर्णय स्थानिक संस्थेचे प्रमुख आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असलेल्या समितीकडे आहे. अर्ज समितीकडे करायचा, त्यासाठी दावा लावायची गरज नाही.

रेल्वेत चढता-उतरताना गाडीतून पडलात तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, मुदत १ वर्ष. स्थानकाच्या जिन्यावर किंवा फलाटाच्या ओल्या लादीवर घसरणं त्या तरतुदीत येत नाही. कामावर असताना कामाच्याच जागेत पडला असाल तर आधी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा कामगार भरपाईचा मार्ग तपासा. तिथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नावावरून आपल्याच कामाचा वाटतो, पण तो घातक पदार्थांच्या अपघातांपुरता आहे. त्याच्या मागे लागू नका.

पक्ष करताना जागेचा मालक, प्रत्यक्ष ताबेदार, देखभाल कंपनी, सफाई कंत्राटदार सगळ्यांची नावं घाला. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तोवर मुदत संपलेली असते.

७. मुदती

- ग्राहक आयोग: २ वर्षे. उशीर झाल्यास कारणांसह विलंब माफीचा अर्ज. माफी मिळेलच असं नाही.
- दिवाणी दावा: इजेसाठी साधारणपणे ३ वर्षे, मृत्यूप्रकरणी वारसांना २ वर्षे.
- महापालिकेविरुद्ध दावा: आधी १ महिन्याची लेखी नोटीस आणि दावा ६ महिन्यांच्या आत. मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाचं कलम ५२७, इतर महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८७.
- राज्य किंवा केंद्र सरकार: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस.
- सहकारी गृहनिर्माण संस्था: संस्थेच्या कारभाराशी संबंधित दाव्यासाठी १९६० च्या अधिनियमाच्या कलम १६४ प्रमाणे निबंधकाला २ महिन्यांची नोटीस. आपला दावा त्यात बसतो का यावर वाद घालत बसण्यापेक्षा नोटीस देऊन टाका.

महापालिकेचे सहा महिने सर्वांत घातक. प्लास्टर, फिजिओथेरपी, "जरा बरं वाटू दे" यांतच ते संपतात.

८. रक्कम कशी काढायची

"मला २५ लाख द्या" अशा गोल आकड्याला वजन नाही. खाती वेगळी करा: उपचार आणि औषधं, जाण्यायेण्याचा खर्च, मदतनीस (घरच्यांनीच सेवा केली तरी तिचं मूल्य मागता येतं), बुडालेला पगार, पुढची शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ हाडात बसवलेली प्लेट काढणं, त्यासाठी डॉक्टरांचं खर्चाचं पत्र, कायमच्या अपंगत्वामुळे घटलेली कमाई, वेदना, आणि मांडी घालून बसता न येण्यासारखं रोजच्या जगण्यातलं नुकसान.

घटलेल्या कमाईसाठी मोटार अपघात प्रकरणांतली पद्धत आधाराला घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातले (२००९) गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो आकडा, वयानुसार आहेत: ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९. समजा वय ४२, महिना ३०,००० रुपये आणि कमाईची क्षमता १० टक्क्यांनी घटली. ३०,००० × १२ × १४ = ५०,४०,०००; त्याचे १० टक्के म्हणजे ५,०४,००० रुपये.

यातला १० टक्के हा आकडा कुठून येतो ते नीट समजून घ्या. प्रमाणपत्रावर 'उजवं मनगट ३० टक्के' असं लिहिलेलं असतं, पण ते त्या अवयवाचं अपंगत्व आहे, कमाईचं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितला: डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची तेवढी जात नाही. म्हणून डॉक्टरांकडून फक्त टक्का घेऊ नका. 'पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलता येत नाही', 'पोळी लाटता येत नाही', 'शिलाई यंत्रावर सलग काम जमत नाही' अशी वाक्यं लिहून घ्या. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचं शपथपत्र लागू शकतं, तेव्हा गल्लीतल्या कोणाकडून तरी कागद आणण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडे जा.

गृहिणीचं काम शून्य धरू नका. घरकामाला उत्पन्नाचं मूल्य देऊन भरपाई काढण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत.

मेडिक्लेमसाठी मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात. त्याआधी प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत करा. विम्याचे पैसे मिळाले म्हणून उपचाराचा खर्च मागणं सोडू नका: मोटार अपघातांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही असं ठरवलं आहे. आपल्या दाव्यातही त्या तर्काचा आधार घेता येतो.

९. नोटीस

दोन पानं पुरतात. घटना, धोका कोणता, त्यांना तो का माहीत असायला हवा होता, इजा, खात्यांनुसार रक्कम, १५ किंवा ३० दिवसांची मुदत. शिव्याशाप, वर्तमानपत्रात देण्याच्या धमक्या नकोत. तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वाचला जातो. कंपनीला नोंदणीकृत पत्त्यावर आणि प्रत्यक्ष जागेच्या पत्त्यावर अशा दोन्हीकडे पाठवा. खासगी पक्षासाठी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण बरेच दावे नोटिशीनंतरच मिटतात, कारण ती समोरच्याच्या विमा कंपनीकडे जाते.

१०. ग्राहक आयोगातली तक्रार

ई-जागृती पोर्टलवर खातं उघडून तक्रार दाखल होते. वकील बंधनकारक नाही. लागतं ते असं: पक्षांची नावं आणि पत्ते, तारखेनिशी परिच्छेदांत तक्रार, मागणी, शपथपत्र, अनुक्रमणिका आणि क्रमांक घातलेले कागद. तक्रारीत प्रत्येक विधानापुढे 'कागद क्र. ४' असा उल्लेख करा. ज्या विधानापुढे क्रमांक घालता येत नाही तिथे पुरावा कमी आहे हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी कैफियत देण्यासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. ती उलटली तर कैफियतीविना तक्रार पुढे चालवावी, असा अर्ज त्याच तारखेला द्या. कायद्यात निकालाची अपेक्षा तीन महिन्यांची आहे. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरून चाला.

कधी आयोग म्हणतो की यात सविस्तर साक्षी-तपासणी लागेल, दिवाणी न्यायालयात जा. तेव्हा आयोगात गेलेला काळ मुदतीतून वगळण्यासाठी मुदत कायद्याच्या कलम १४ चा आधार मागता येतो. आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढा.

११. समोरून काय उत्तर येईल

"पाटी लावलेली होती." कुठे? पाणी लिफ्टसमोर आणि पाटी वीस फुटांवर कोपऱ्यात असेल तर तिचा उपयोग नाही. तुमचा व्हिडिओ इथे कामी येतो.

"'व्यवस्थापन जबाबदार नाही' असा फलक आहे." अशा फलकाने स्वतःचा निष्काळजीपणा धुतला जात नाही. वाहन ताब्यात घेऊन ते हरवलेल्या हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'मालकाच्या जोखमीवर' ही ओळ अशीच बाजूला ठेवली.

"मोबाइलमध्ये बघत चालला होता." खरं असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, सगळी जात नाही. चित्रणात दिसत असेल तर नाकारू नका. एक खोटं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

"वय झालंय, हाडं ठिसूळ होती." जखमी माणूस जसा असेल तसा धरायचा असतो. ठिसूळ हाडांच्या माणसाला ओल्या फरशीवर पाडायची मुभा कोणाला मिळत नाही. मात्र आधीपासूनचं दुखणं लपवू नका.

"सफाई कंत्राटदाराकडे होती." म्हणूनच त्यालाही पक्ष केलं आहे.

१२. तडजोड, निकाल, वसुली

रुग्णालयातच कोणी वीस-पंचवीस हजारांचं पाकीट आणि एक कागद घेऊन येतं. कागदावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील तर सही करू नका. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'फक्त आजवरच्या उपचारासाठी, हक्क राखून.' पुढची शस्त्रक्रिया लागणार की नाही हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत अंतिम तडजोड टाळा. लोकअदालतीत मिटवलंत तर त्यावर अपील नाही, म्हणून रक्कम, तारीख आणि मुदत चुकल्यास व्याज हे तिन्ही त्या कागदावर हवं.

वकिलाने "जिंकलो तर तीस टक्के" म्हटलं तर नको म्हणा. निकालावर अवलंबून असलेली फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ठरीव फी लेखी ठरवा.

जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं आणि भरपाई देणाऱ्याला त्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज दोन्ही दाखल करा. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

फाइलमध्ये काय हवं

- फोटो, व्हिडिओ, मूळ मोबाइल; पायऱ्यांच्या मोजमापाचा कागद
- चप्पल आणि कपडे, पिशवीत
- बिल, तिकीट किंवा यूपीआयचा पुरावा
- पहिला केसपेपर, एमएलसी क्रमांक, एक्स-रे फिल्म आणि अहवाल, डिस्चार्ज कार्ड
- औषधांची बिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या जोडीने. चिठ्ठीशिवाय बिल बाजूला पडतं
- रिक्षा, टॅक्सी, मदतनीस यांच्या पावत्या. पावती नसेल तर तारीखवार वही
- पगारपत्रकं, रजेचा दाखला, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. धंदा असेल तर बँक खात्याचा उतारा
- अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचं कामाच्या मर्यादांबद्दलचं पत्र
- व्यवस्थापनाला दिलेल्या पत्राची पोच, नोटीस, टपालाच्या पावत्या
- साक्षीदारांची नावं, क्रमांक आणि त्यांनी काय पाहिलं ते, त्याच आठवड्यात लिहिलेलं आणि तारीख घातलेलं